विचारायची रीत

आवक टपालावर शिक्के मारताना मी पत्ते वाचत नाही. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली तरी निम्मं टपाल अजून उस्मानाबादचा फेरा मारून येतं, आणि त्या दिवशी तीन दिवसांचा गठ्ठा एकदम टेबलावर पडला होता, त्यामुळे हात नुसता चालत होता. शाई, शिक्का, क्रमांक. एका पोस्टकार्डावर तारीख उठली, क्रमांक पडला, आणि मग दिसलं की हे कार्ड कचेरीचं नाहीच. माझ्या मार्फत आलेलं आहे. ‘चि. नरश्या यास अनेक आशीर्वाद, मार्फत त्याची मुलगी सिंधु, टपाल कारकून.’ नरश्या म्हणजे माझा बा, नरसिंग भीमा सोनकांबळे, वय शहात्तर. आशीर्वाद देणारे साहेबराव पाटील, आमच्याच गावचे, निवृत्त उपअभियंता, वय अठ्ठावन्न. शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला अठ्ठावन्न वर्षांचा माणूस चिरंजीव म्हणतो, आणि उघड्या कार्डावर म्हणतो, म्हणजे पोस्टमनपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी वाचून घ्यावं. पुढं मजकूर असा, की आमच्या घराण्याचा वृत्तांत छापण्याचे योजिले आहे, जुन्या काळी आमच्या घरचे मयताचे सांगावे तू नेत होतास, सबब पाहुण्यारावळ्यांची गावे तुला पाठ असणार, तरी खालील चौदा बाबींची उत्तरे मुलीकडून लिहवून पंधरा दिवसांत पाठवावी. चौदावी बाब लाल शाईत होती. ‘माझी आत्या सरजाबाई शेवटी कोणत्या गावी राहिली? हे अत्यावश्यक.’ सोबत उत्तरासाठी कोरं जोडकार्ड नाही, ‘प्रकृती कशी आहे’ नाही. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग हळूहळू, उन्हात माठाला पाझर फुटावा तसं, आतून गार वाटायला लागलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. तेरा वर्षं मी ज्या माणसाची वाट पाहत होते तो आपल्या पायांनी, पंधरा पैशांच्या तिकिटावर, माझ्या टेबलावर येऊन पडला होता.

रेणापूरच्या अलीकडं आमचं गाव. तिथं पाटलाच्या घरी कुणी मेलं की रडायचं काम घरच्यांचं आणि सांगायचं काम आमचं. बा चौदा वर्षांचा असल्यापासून सांगावे नेत होता. कोणती लेक कुठं दिली, कुणाचा मामा कुठं, कोणत्या भावकीशी बोलणं तुटलंय पण मयत कळवावं लागतं, हे सगळं त्याच्या डोक्यात. डोक्यात कसलं, पायांत. पाटलांना आपली लग्नं ठाऊक असायची, मरणं ठाऊक असायची, पण वाटा ठाऊक असायच्या त्या बाला. त्यातही सरजाबाई ही साहेबरावांच्या बापाची बहीण. तिच्या नवऱ्याचं आणि भावाचं बैलजोडीवरून असं फाटलं की येणंजाणं बंद. रझाकारांच्या धामधुमीत ती माणसं आपलं गाव सोडून कुठं तरी पलीकडं गेली. ती कुठं गेली याची चौकशी पाटलांपैकी कुणी केली नाही. एक्कावन्न साली म्हातारा पाटील वारला तेव्हा बा चार दिवस चालून, विचारत विचारत, त्या बाईच्या दारात पोचला आणि बाप गेल्याचं सांगून आला. परत आल्यावर ‘पोचला का?’ एवढंच विचारलं त्याला. ‘कुठं राहती, कशी हाय’ हे विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची आमची टाप नव्हती. पुढं छप्पन्न साली बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, वर्षभरात आमच्या वस्तीनं धम्म घेतला आणि बानं सांगावे बंद केले. पाटलांनी त्यापायी दोन वर्षं रान बंद ठेवलं, वाट बंद ठेवली. बा मागं हटला नाही. सरजाबाईचं गाव त्याच्या पायांत तसंच राहून गेलं. पस्तीस वर्षांनी ते गाव आता पुस्तकात छापायला हवं होतं.

आणि माझी गोष्ट एवढीच आहे. बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या चैत्रात पार हाडाला लागला होता. माझी आई गावाबाहेर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी नांदेडला मुलींच्या वसतिगृहात, अठरा वर्षांची. दुपारी आई हातोड्यावरच कलंडली ती उठली नाही. बानं आधी काय केलं असेल तर पाटलाच्या वाड्यापुढं जाऊन उभा राहिला, कारण साहेबराव तेव्हा नांदेडला ओव्हरसियर होते आणि त्यांची सरकारी जीप त्याच दुपारी निघत होती. ‘सिंधुला एवढं सांगा. हाटेल तुमच्या वाटंवरच हाय.’ वसतिगृहाला बा शेवटपर्यंत हाटेलच म्हणायचा. ‘सांगतो की,’ साहेबराव म्हणाले आणि जीप गेली. वसतिगृहाचं फाटक त्यांच्या क्वार्टरपासून तीनशे पावलांवर. नंतर मी मोजलीत ती. बानं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आईला ठेवलं. चैत्रातलं ऊन. बायका म्हणायला लागल्या, आता पुरे. मला कळलं अकराव्या दिवशी. आमच्या गावचा एक भाजीवाला फाटकाशी भेटला आणि म्हणाला, ‘अगं, तू हितंच?’ तेवढ्यानंच कळलं. त्या अकरा दिवसांत मी दोनदा सिनेमा पाहिला होता. किनवटकडच्या मैत्रिणीच्या घरून तिला रेल्वेच्या गार्डाच्या हाती तुतीची फळं आली होती, ती खाऊन जीभ दाखवत आम्ही हसलो होतो. त्यातला एकेक दिवस मला आजही तारखेसकट आठवतो. आईचं तोंड आठवायला गेले की मध्ये माझी ती जांभळी जीभ येते. बानं पुढं कधी तरी साहेबरावांना विचारलं. ‘राहून गेलं,’ ते म्हणाले. बानं ते मला जसंच्या तसं सांगितलं, कारण आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांचे शब्द जसेच्या तसेच पोचवले होते.

तर मी कार्डाला उत्तर लिहिलं. कचेरीत राहून मला एक गोष्ट छान येते, माणसाला नम्रपणे उंबऱ्याबाहेर उभं करणं. लिहिलं की आपले कार्ड पावले. परंतु नरश्या या नावाचे कोणी गृहस्थ या पत्त्यावर राहत नाहीत. श्री. नरसिंग भीमराव सोनकांबळे राहतात. त्यांना काही विचारणे असल्यास त्यांच्या नावे पत्र यावे. ते वृद्ध आहेत, सबब एका पत्रात एकच बाब विचारावी. उत्तर हवे असल्यास जोडकार्ड असावे. मला वाटलं होतं माणूस पेटेल. कचेरीत येऊन आरडाओरडा करेल, ‘माजलात’ म्हणेल, आणि मग मी त्याला दाराकडं बोट दाखवेन. या प्रसंगाची मी रोज तालीम करत होते, भाकरी थापतानासुद्धा. पण आठ दिवसांत जोडकार्ड आलं. ‘माननीय श्री. नरसिंगराव सोनकांबळे यांस साष्टांग नमस्कार.’ प्रकृतीची चौकशी, पाण्याच्या टंचाईची चौकशी, शेवटी एकच बाब. माझा मुखभंग झाला. ज्याला शिकवायला जावं त्यानं एका वाचनात शिकून दाखवावं, असली चीड मला तेव्हा आली. मी दुसरी पायरी वाढवली: लेखी सांगणे जमणार नाही, प्रत्यक्ष यावे, रविवारी, दुपारी तीन वाजता. उन्हाळ्यात दुपारी तीनला लातुरात कुत्रंही सावली सोडत नाही.

तो आला, छत्री घेऊन. खांद्याला निळी वॉटरबॅग. त्या वर्षी नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, टँकर आला की आमच्या गल्लीत घागरी घागरींना भिडायच्या, त्यामुळे पाहुण्यानं आपलं पाणी आणणं ही चालच पडली होती आणि तिचं कौतुकही व्हायचं. मी तांब्या पुढं केला. ‘नको, नको,’ तो म्हणाला, ‘तुमचं पाणी कशाला मोडायचं, दुष्काळात.’ आणि वॉटरबॅगचं झाकण फिरवलं. किती सोयीचा दुष्काळ होता त्याला! मी तांब्या तिथंच त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, ‘बा झोपलाय.’ बा झोपला नव्हता. पडद्यामागं खाटेवर जागा होता आणि खोकलाही. साहेबरावांनी खोकला ऐकला. माझ्याकडं पाहिलं, छत्री उचलली आणि ‘पुन्हा येईन’ म्हणून गेला. दुसऱ्या रविवारी आला, मी म्हणाले, बाला बरं नाही. तिसऱ्याला म्हणाले, बा बोलायच्या मनःस्थितीत नाही. तो दर वेळी थोडा थोडा वाकत होता, आणि मला ते पाहायची चटक लागली. सोमवारी कचेरीत शिक्के मारताना मी गुणगुणायचे. शेजारच्या टेबलावरची महादेवी म्हणाली, ‘काय ग, लग्नबिग्न जमलं काय?’ म्हटलं, त्याच्याहून बरं.

बाला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं; कोण आलं होतं विचारलं तर कचेरीतलं माणूस म्हणायचे. सांगितलं असतं तर त्यानं पहिल्याच रविवारी सगळं सांगून टाकलं असतं. राग नव्हता असं नाही. पाटलाचं नाव निघालं की तो थुंकायचा. पण कुणी वाट विचारली तर सांगायची, हा त्याचा धर्म सगळ्या धर्मांच्या आधीचा होता. संध्याकाळी त्याचे पाय चोळताना मी हळूच काढायला लागले. ‘बा, पाटलाची सरजाबाई कुठं दिली व्हती?’ तो गप्प. पुन्हा विचारलं तरी गप्प. मग म्हणाला, ‘असं मधूनच इच्चारलं तर मला न्हाई सांगता येत. येशीतून निघावं लागतं.’ आणि खरंच तसंच होतं. एखादं गाव हवं असेल तर वेशीपासून चालत निघायचं, एकेका दारात थांबायचं, आणि मध्ये कुणी तोंड घातलं की पुन्हा वेस. ‘येशीतून निघालो. डाव्या अंगाला वढा. पयली पाटलाची थोरली लेक. उंबऱ्याच्या खाली ऱ्हायचं, पाणी मागायचं न्हाई, बापयगडी भायेर आल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई. मंग पाठ करून बसायचं आन् म्हणायचं, मातीला चला. नाव शेवटी घ्यायचं.’ भाकर मिळायची ती शिवेबाहेर बसून खायची, मयताची भाकर घरी न्यायची नाही. असं जळकोटावरून उदगीर, उदगीरावरून देगलूर. सांगताना चादरीखाली त्याची पावलं हलायची. चढ आला की दम लागायचा. मी वही घेऊन बसायचे. दोन महिन्यांत पाटलाचं अख्खं गोत माझ्या वहीत आलं, एकशे बारा घरं. एका संध्याकाळी तो देगलूरच्या पुढं गेला, नदी ओलांडली, कर्नाटकच्या शिवेत शिरला आणि थांबला. ‘चिंचोळगी,’ तो म्हणाला. ‘चिचंच्या झाडाखालचं घर. सरजाक्कानं बाप गेल्याचं ऐकलं आन् मला म्हणली, नरसिंगदादा, ऊन हाय, आत ये. मी गेलो न्हाई. पर तिनं दादा म्हणलं.’

त्या दिवशी मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण वही पुरी झाली तशी मला हुशारी सुचली. ही बाई आहे की गेली? मेली असेल तर कधी? साहेबरावांना ठाऊक नाही अशी आणखी एक गोष्ट माझ्या मुठीत यावी, एवढाच हेतू. मी चिंचोळगीच्या शाळेच्या गुरुजींच्या नावे पत्र टाकलं. लिहिलं, श्रीमती सरजाबाई यांच्या माहेरकडून चौकशी आहे, त्या हयात आहेत किंवा कसे, कळवावे. ‘माहेरकडून’ हा शब्द मी का लिहिला? उत्तर लवकर यावं म्हणून. कचेरीतली सवय, शब्द असा घालायचा की कागद हलला पाहिजे. तो हलला. नवव्या दिवशी निळं आंतरदेशीय पत्र आलं, नातसून शरणम्मानं गुरुजींकडून लिहवून घेतलेलं. ‘आजी जिवंत हायेत. डोळे गेले. तुमचं पत्र वाचून दाखवल्यापासून दार लावू देत न्हाईत. माहेरचं माणूस यील म्हणतात. येताना बापाच्या शेतातली मूठभर माती आणा म्हणतात. लवकर या, दिवस भरवशाचे न्हाईत.’ मी त्यावर शिक्का मारला नाही. ते खासगी होतं. पण तारीख माझ्या डोळ्यांत उठलीच. कचेरी सुटली तेव्हा पाच वाजले होते आणि साहेबरावांचं नव्या वसाहतीतलं घर वाटेवरच होतं. मी त्याच्या फाटकावरून चालत गेले. पाटी वाचली. बागेत पाण्याविना वाळलेली कर्दळ पाहिली. आणि पुढं गेले. मनाशी म्हणाले, अकरा दिवस. जास्त नाही, कमीही नाही. अकराव्या दिवशी देईन. माझ्याइतकंच त्यालाही कळू दे, बाकी मला काही नको. इतका साधा, सरळ, मापात बसणारा सूड मला दुसरा सुचला नसता. पत्र मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, आणि ती पर्स रात्री उशाशी घेतली.

त्या अकरांतल्या पाचव्या दिवशी रविवार होता. साहेबराव आला तेव्हा त्याच्या खांद्याला वॉटरबॅग नव्हती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, आमच्याकडे येणाऱ्याने पाणी आणू नये. तो चटईवर बसला, मांडी घालून, हाशहुश करत. मी तांब्या दिला. त्यानं भांड्यात ओतून घेतलं नाही, तांब्याच तोंडाला लावला आणि अर्धा केला. घशाची घाटी वरखाली होताना मी पाहत होते. पर्स माझ्या मांडीवर होती.

‘सिंधुबाई,’ तो म्हणाला, ‘मी पहिलं कार्ड चुकीचं लिहिलं. सवय हो जुनी. तुम्ही शिकवलं, बरं झालं. आता सगळीकडं मी असंच लिहायलोय, एक बाब, जोडकार्ड. लोक उत्तर द्यायलेत.’

‘बरं झालं,’ मी म्हणाले.

‘नरसिंगराव सांगतील तेवढंच घेईन. नाही सांगितलं तरी माझी तक्रार नाही. त्यांची गोष्ट आहे, त्यांच्या मर्जीची.’

याहून नीट कुणी विचारू शकत नाही. मीच घालून दिलेली रीत, आणि त्यात मला बोट ठेवायला जागा नव्हती. माझा हात पर्सच्या चेनवर गेला. मी स्वतःला ओळखते, मी ते पत्र दिलं असतं. पण त्याआधी एक विचारून घ्यावं म्हटलं.

‘त्र्याहत्तर साली तुम्ही नांदेडला होता. चैत्रात गावाहून जीपनं निघताना माझ्या बानं तुम्हाला एक निरोप दिला होता.’

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला, हे मला सांगितलं पाहिजे. डोळे बारीक केले, कपाळाला बोट लावलं. ‘असंल,’ तो म्हणाला. ‘जीप म्हटल्यावर लई लोक निरोप द्यायचे. कुणाचं बी-बियाणं, कुणाचं औषध. कसला निरोप होता?’

मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले. तिथं लपवलेलं काहीच नव्हतं. तेरा वर्षं मी एका माणसाशी मनातल्या मनात भांडत होते, त्याला उलटसुलट प्रश्न विचारत होते, तो खजील होत होता, पाया पडत होता, आणि हा खरा माणूस त्या भांडणाला कधी हजरच नव्हता. विसरणं माफ करता येतं असं म्हणतात. मला ते सगळ्यात जड गेलं. त्यानं मुद्दाम केलं असतं तर निदान माझ्या आईचं मरण त्याच्या डोक्यातून एकदा तरी गेलं असतं. मी चेनवरचा हात काढला.

‘काही नाही,’ मी म्हणाले. ‘बा झोपलाय. पुढच्या रविवारी या.’

नवव्या दिवशी टपालात दुसरं पत्र आलं. पोस्टकार्ड, कोपरा फाडलेलं. आमच्याकडं कोपरा फाडलेलं कार्ड वाचायच्या आधीच कळतं. ‘आजी सोमवारी सकाळी गेल्या. माहेरचं लुगडं यील म्हणून मंगळवारपर्यंत ठिवलं. तुमचं पत्र आलं होतं म्हणून वाटलं. मग आमचंच नेसवलं. शेवटपर्यंत शुद्धीत होत्या, दाराकडं तोंड होतं. शरणम्मा.’ सोमवार. म्हणजे साहेबराव माझ्या चटईवर बसून पाणी प्याला त्याच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी पत्र दिलं असतं तर तो सकाळच्या देगलूर गाडीनं निघून जिवंतपणी पोचला असता. रविवारी दिलं असतं तरी लुगडं पोचलं असतं. मी बेरजा-वजाबाक्या करत बसले. महादेवी म्हणाली, ‘काय ग, तोंड का असं?’ मी म्हणाले, ‘ऊन.’ त्या बाईशी माझं काय वैर होतं? तिनं माझ्या बाला दादा म्हटलं होतं. ‘माहेरकडून’ हा शब्द तिच्या दारात मी नेऊन ठेवला, आणि मग तिला दुपारपर्यंत, दुसऱ्या दिवसापर्यंत, उन्हात ठेवून घेतलं. मी खुर्चीवरून उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुवायला वाटीभर पाणी घेतलं, आणि ते तसंच परत ओतलं.

तरीसुद्धा संध्याकाळी साहेबरावांच्या फाटकातून आत जाताना मला वाटत होतं की आता तरी काही होईल. झालं ते झालं, त्याचं टोक निदान योग्य माणसाला लागू दे. तो व्हरांड्यात बसला होता, समोर मोठं रजिस्टर, त्यात आखलेला वंशवृक्ष. ‘या, या सिंधुबाई, वर या,’ म्हणाला. खुर्ची पुसली. मी बसले नाही. दोन्ही पत्रं त्याच्या हातात दिली. त्यानं चष्मा लावला. आधी पहिलं वाचलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. मी त्याच्या ओठांकडं पाहत होते. मी रडले होते तेव्हा वसतिगृहाच्या जिन्यावर गुडघे फुटले होते माझे. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘मी कधी पाहिलेलीच नाही तिला,’ तो म्हणाला. ‘माझ्या जन्माच्या आधीच लग्न होऊन गेलेली.’ मग रजिस्टर ओढलं, सरजाबाईच्या नावापुढं एक चौकट रिकामी होती, तिच्यात नीट अक्षरात तारीख लिहिली. ‘फार मोठं काम केलंत तुम्ही. एवढी एकच चौकट अडली होती.’

‘पहिल्या पत्राची तारीख बघा,’ मी म्हणाले.

‘हो, हो, तीही टिपून घेतो.’

‘ते पत्र माझ्याकडं नऊ दिवस होतं. मुद्दाम ठेवलं मी. तुम्ही रविवारी पाणी पीत होता तेव्हा या पर्समध्ये होतं.’ माझा आवाज चढला होता, फाटकावरून जाणाऱ्या बायका थांबल्या. ‘आणि तुम्ही विचारलं ना, कसला निरोप. माझी आई मेल्याचा होता. तीनशे पावलांवर द्यायचा होता. दिला नाही तुम्ही.’

मग त्यानं पेनचं टोपण परत काढलं, आणि अतिशय हळू, अतिशय आदरानं, मीच शिकवलं होतं तसं, एकच बाब विचारली. ‘तुमच्या आईंचं नाव काय होतं? पुस्तकात सुरुवातीला ऋणनिर्देशाचं पान आहे. नरसिंगरावांचं नाव आहेच, तुमचंही आहे. त्यांचंही घालू.’

मी त्याच्या निबेकडं पाहिलं. शाई थेंब धरून होती. माझ्या आईचं नाव केवळाबाई. गावात जन्म काढला तरी त्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, आणि आता ते त्याला छापायला हवं होतं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हेही मला दिसत होतं. एवढं एकच उरलं होतं माझ्याकडं, न द्यायला. मी पायऱ्या उतरले. मागून तो ‘सिंधुबाई’ म्हणाला, एकदाच. मी फाटकाची कडी लावून घेतली.

घरी बा जागा होता. शेजारणीनं दिवा लावून दिला होता. त्याला सांगणं भाग होतं. बाकीचं काही असो, सरजाक्काची बातमी त्याला कळायलाच हवी होती. मी खाटेखाली बसले, त्याचे पाय मांडीवर घेतले, टाचांच्या भेगांतून तेल फिरवत म्हणाले, ‘बा, चिंचोळगीची सरजाक्का गेली.’

त्याची पावलं थांबली. मग त्यानं विचारलं, ‘पाटलाला सांगावा दिलास?’

‘दिला.’

‘दारातच दिलास न्हवं?’

‘बसले नाही.’

‘हाव. बसायचं न्हाई.’ तो छताकडं पाहत होता. त्या धंद्यातला माणूस विचारतो तसं त्यानं पुढचं विचारलं, त्यात संशय मुळीच नव्हता. ‘तिथून कवा निघाला व्हता?’

साहेबरावांच्या पायरीवर मी सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असं बोलले होते. इथं मी तेलाची वाटी जवळ ओढली, लांब केली.

‘परवा,’ मी म्हणाले.

‘मंग बिगीनं आला,’ बा म्हणाला. ‘वाटंत कुणी बसलं न्हाई.’